मॉफ करायला घेताय? आधी वायू ठरवा, धातू नंतर

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मॉफ विकसित केल्याबद्दल मिळालं, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला ‘मॉफच हवं’ म्हणणारी मुलं एकदम वाढली. विषय मोहात पाडणाराच आहे. धातूचे आयन आणि सेंद्रिय लिंकर (आयनांना जोडणारे रेणू) द्रावकात एकत्र गरम करायचे, आणि बाहेर येतो तो नियमित पोकळ्यांचा स्फटिक, ज्याच्या एका ग्रॅमला काही हजार चौरस मीटर पृष्ठफळ असू शकतं. धातू-सेंद्रिय चौकट असं त्याचं मराठी नाव करता येतं, पण प्रयोगशाळेत सगळे मॉफच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

पीएचडी करताना आणि नंतर ज्युनिअर मुलांना शिकवताना एक गोष्ट सतत दिसली. बहुतेक जण कपाटात कुठला लिंकर शिल्लक आहे ते बघून सुरुवात करतात. मग स्फटिक मिळतो, पेपरला शोभेल असं चित्र तयार होतं, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न पडतो की याचा उपयोग काय. वायू साठवायचा किंवा वेगळा करायचा असेल तर हा क्रम उलटा आहे. खालच्या पायऱ्या सुलट क्रमाने लावल्या आहेत.

सुरुवातीला जवळ काय हवं

- फ्यूम हूड, टेफ्लॉनचं अस्तर असलेला स्टीलचा ऑटोक्लेव्ह किंवा घट्ट झाकणाच्या काचेच्या कुप्या, तापमान नीट धरणारा ओव्हन, सेंट्रिफ्यूज, व्हॅक्यूम ओव्हन.
- पावडर एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखणारं), टीजीए (तापवत नेऊन वजन कसं घटतं ते मोजणारं) आणि वायू-अधिशोषणाचं (पदार्थाच्या पृष्ठभागावर किती वायू धरला जातो ते मोजणारं) यंत्र. कॉलेजात नसेल तर आय-स्टेम पोर्टलवर कुठल्या संस्थेत काय आहे ते सापडतं. मुंबईत आयआयटीचं सैफ (उपकरणांची सामायिक सुविधा) आहे. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून पदार्थ तयार होण्याआधीच चौकशी करून ठेवा.
- कागदपत्रं: प्रत्येक रसायनाची सुरक्षा-माहिती पत्रिका, ज्या मॉफवर काम करणार त्याची सीआयएफ फाइल (स्फटिकरचनेची संगणकीय नोंद), मूळ पेपरची पुरवणी माहिती (कृती बहुतेकदा तिथेच असते) आणि पानांना क्रमांक असलेली वही.
- संगणकावर मर्क्युरी आणि व्हेस्टा ही स्फटिकरचना बघायची सॉफ्टवेअर. दोन्ही फुकट मिळतात.

१. वायू, मिश्रण आणि दाब एका कागदावर लिहा

‘कार्बन डायऑक्साइड पकडणारं मॉफ’ असं म्हणून काही ठरत नाही. कुठून पकडायचा? चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात तो १२ ते १५ टक्के असतो, बाकी मुख्यतः नायट्रोजन, शिवाय पाण्याची वाफ, थोडा ऑक्सिजन आणि गंधकाची, नायट्रोजनची ऑक्साइडं. एकूण दाब १ बारच्या आसपास, म्हणजे तुमच्या वायूचा वाटा जेमतेम ०.१५ बार. बायोगॅसमध्ये तोच वायू ३० ते ४५ टक्के असतो आणि सोबत मिथेन. हवेतून थेट पकडायचा तर दहा लाखात सव्वाचारशे भाग. तिन्हींना तीन वेगळे पदार्थ लागतात.

इथला पहिला सापळा: पेपरात ठळक छापलेला आकडा बहुतेकदा १ बारचा असतो. धुरासाठी काम करत असाल तर दाबानुसार किती वायू धरला ते दाखवणाऱ्या आलेखावर ०.१५ बारपाशी बोट ठेवा आणि तिथला आकडा वाचा. पुष्कळ नावाजलेली मॉफ तिथे अगदीच सामान्य निघतात.

साठवणुकीचं गणित निराळं. रिक्षातला सीएनजी २०० बारच्या आसपास भरलेला असतो. मॉफ भरलेल्या टाकीत तेवढाच मिथेन ६५ बारला बसवायचा, अशी कल्पना. इथे ‘किती धरतो’ यापेक्षा ‘किती परत देतो’ हे महत्त्वाचं, कारण इंजिनाला वायू मिळण्यासाठी टाकीत साधारण ५ बार उरावेच लागतात. त्या ५ बारला अडकून राहिलेला मिथेन म्हणजे वाया गेलेली जागा. एचकेयूएसटी-१ हे १९९९ मधलं तांब्याचं मॉफ ६५ बारला प्रति घनसेंटिमीटर सुमारे २७० घनसेंटिमीटर मिथेन घेतं. वापरता येतो तो सुमारे १९०. आणि हे आकडे अखंड स्फटिकाच्या घनतेने काढलेले आहेत. पावडर टाकीत भरली की कणांमधली मोकळी जागा त्यातून वजा होते.

तेव्हा कागदावर पाच गोष्टी हव्यात: हवा असलेला वायू, सोबतचे वायू, दाब, तापमान आणि पाणी आहे की नाही. पाचवी गोष्ट बहुतेक जण गाळतात.

२. छिद्राचं माप आणि भिंतीचा स्वभाव ठरवा

वायूंच्या रेणूंचा गतिज व्यास (छिद्रातून जाताना रेणूचं जे माप धरतात ते) पाठच करून टाका: हायड्रोजन २.८९ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), कार्बन डायऑक्साइड ३.३०, ऑक्सिजन ३.४६, नायट्रोजन ३.६४, मिथेन ३.८०. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांच्यात जेमतेम एक तृतीयांश अँगस्ट्रॉमचा फरक आहे. निव्वळ मापावर त्यांना वेगळं करणं म्हणूनच अवघड जातं.

रेणू आत शिरेल का हे ठरवताना खोली केवढी यापेक्षा दार केवढं ते बघा. झिफ-८ (जस्त आणि २-मिथाइलइमिडाझोलचं मॉफ) ची पोकळी ११.६ अँगस्ट्रॉम आहे, खिडकी ३.४. कागदावर तिथून नायट्रोजनही जाऊ नये, पण जातो, कारण खिडकीतल्या इमिडाझोलच्या कड्या हलतात. चित्रातला स्फटिक स्थिर दिसतो, खरा तसा नसतो.

मापावर भागत नसेल तेव्हा भिंतीचा स्वभाव कामाला येतो. कार्बन डायऑक्साइडला मोठा चतुर्ध्रुव आघूर्ण (रेणूतल्या विद्युतभाराच्या असमान वाटणीचं माप) आहे, नायट्रोजनला त्यापेक्षा बराच लहान. भिंतीवर विद्युतभार असमान असला की पहिला चिकटतो. त्यासाठी मुख्य वाटा तीन:

उघडं धातू-केंद्र. मॅग्नेशियमचं मॉफ-७४ कोरड्या स्थितीत १ बारला, खोलीच्या तापमानाला ग्रॅममागे ८ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड घेतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३५ टक्के. पण पाणी त्याच केंद्रावर आधी जाऊन बसतं आणि उठत नाही.

अमाइन. लिंकरवर किंवा धातूवर अमाइन (नायट्रोजनचा आम्लारीधर्मी गट) लावला की वायू रासायनिक बंधाने धरला जातो. फार विरळ वायूसाठी उत्तम. पण सोडवायला उष्णता जास्त लागते.

अरुंद छिद्र. रेणूला दोन्ही बाजूंनी भिंत लागेल इतकं. सिफसिक्स-३-झिंकमध्ये सुमारे ३.८ अँगस्ट्रॉमची नळी आहे आणि आतल्या बाजूला फ्लोरिनची रांग. उघडी धातू-केंद्रं नसूनही ते कार्बन डायऑक्साइड घट्ट धरतं. नवशिक्याने याच वाटेने जावं असं माझं मत.

किती घट्ट, हे अधिशोषणाची उष्णता सांगते. धुरासाठी मोलमागे ३५ ते ४५ किलोज्यूल हा सोयीचा पट्टा. त्याखाली पकड ढिली पडते, फार वर गेलात की दर फेरीला पदार्थ मोकळा करण्यातच ऊर्जा जाते.

३. आता धातू आणि लिंकर निवडा

इथे जुना कठीण-मृदू आम्ल-आम्लारीचा नियम कामी येतो: कठीण आयनाला कठीण जोडीदार, मृदूला मृदू. झिर्कोनियम (चार धन), क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम यांना कार्बॉक्सिलेट द्या. जस्त, निकेल, कोबाल्ट यांना इमिडाझोल, ट्रायाझोल, पायराझोल द्या. जस्त आणि कार्बॉक्सिलेट ही जोडी स्फटिक झटपट देते, म्हणून मोहात पाडते. पण मॉफ-५ नेमकं तेच आहे, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत उघडं ठेवलं तर ते टिकणार नाही. ओस्लो विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या यूआयओ-६६ मध्ये लिंकर तोच, टेरेफ्थॅलिक आम्ल, पण धातू झिर्कोनियम आणि प्रत्येक गाठीला (धातूच्या पुंजक्याला) बारा लिंकर. ते पाण्यातही उभं राहतं.

लिंकर लांब केला की छिद्र मोठं होतं, हे खरं. याघींच्या गटाने २००२ मध्ये सोळा मॉफची मालिका करून ते दाखवलं. मात्र लिंकर फार लांब झाला की एका जाळ्यात दुसरं जाळं गुंतत जातं आणि मिळवलेली जागा गमावते. वायू वेगळे करायचे असतील तर कधीकधी हेच गुंतणं फायद्याचं ठरतं, कारण छिद्र अरुंद होतं.

सहा पायऱ्यांच्या संश्लेषणानंतर मिळणारा लिंकर पहिल्या वर्षी घेऊ नका. टेरेफ्थॅलिक आम्ल पॉलिएस्टरचा कच्चा माल आहे, स्वस्तात मिळतं. फ्युमॅरिक, ट्रायमेसिक, ऑक्झॅलिक आम्ल आणि २-मिथाइलइमिडाझोल हेही सहज मिळतात.

साध्या मालातून काय साधतं याचं उत्तम उदाहरण कॅल्फ-२०. कॅलगरी विद्यापीठात झालेलं, २०२१ मध्ये पेपर आला. जस्त, ट्रायाझोल आणि ऑक्झॅलेट, बस एवढंच. पृष्ठफळाच्या शर्यतीत ते कुठेच नाही, १ बारचा आकडाही डोळे दिपवणारा नाही. पण सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत ते पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडला पसंती देतं आणि वाफेने मोकळं केलं तरी मोडत नाही. कारखान्यापर्यंत पोचलं ते त्यामुळे. पहिल्या पायरीतल्या पाचव्या गोष्टीचं उत्तर आधी शोधलं की असा पदार्थ हाती लागतो.

४. संगणकावर एक फेरी मारा

थोडक्यात सांगतो, कारण हा स्वतंत्र विषय आहे. कोअर-मॉफ या संग्रहात आधीच झालेल्या हजारो मॉफच्या साफ केलेल्या रचना आहेत. झिओ++ ने छिद्राचं आणि खिडकीचं माप काढा, रास्पाने कोणता वायू किती शिरेल याचा अंदाज घ्या. सीआयएफमधून द्रावकाचे रेणू काढायला आणि सुटलेले हायड्रोजन जोडायला विसरलात तर उत्तरं भलतीच येतील. उघड्या धातू-केंद्राच्या बाबतीत नेहमीची बलक्षेत्रं (अणूंमधलं आकर्षण मोजायची सूत्रं) कच्ची पडतात, तिथले आकडे जपून घ्या.

५. हात बसवायला झिफ-८ करा

नवीन मॉफच्या मागे लागण्याआधी एक जुनं मॉफ स्वतः करून त्याचे छापील आकडे मिळवून दाखवा. झिफ-८ खोलीच्या तापमानाला होतं, ऑटोक्लेव्हही लागत नाही.

झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट १.४८७ ग्रॅम (५ मिलिमोल) १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये विरघळवा. २-मिथाइलइमिडाझोल ३.२८४ ग्रॅम (४० मिलिमोल) वेगळ्या १०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये. दुसरं द्रावण ढवळत ढवळत पहिल्यात ओता. काही मिनिटांत स्वच्छ पाण्यासारखं द्रावण दुधाळ होऊ लागतं. रात्रभर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, मिथेनॉलने तीन वेळा धुवा, वाळवा. जस्ताच्या हिशेबाने जास्तीत जास्त १.१४ ग्रॅम मिळू शकतं. हातात दीड ग्रॅम आलं तर खूश होऊ नका, आत मिथेनॉल किंवा लिंकर अडकलाय.

त्यानंतर यूआयओ-६६: झिर्कोनियम क्लोराइड आणि टेरेफ्थॅलिक आम्ल सम मोल, डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हा द्रावक), थोडं अ‍ॅसेटिक आम्ल, १२० अंश सेल्सिअस, २४ तास. अ‍ॅसेटिक आम्ल लिंकरशी स्पर्धा करून स्फटिक सावकाश वाढू देतं. जास्त झालं तर काही लिंकरच्या जागा रिकाम्या राहतात. त्यातही गंमत अशी की थोड्या रिकाम्या जागांनी पृष्ठफळ वाढतं.

सावधगिरीच्या चार गोष्टी, यात तडजोड नाही. ऑटोक्लेव्ह दोन तृतीयांशाच्या वर भरू नका आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नका. डीएमएफ कातडीतून शरीरात जातं, प्रजननाला घातक आहे, आणि पातळ नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत. सांडलं की लगेच बदला. झिर्कोनियम क्लोराइडची बाटली उघडल्यावर हवेतल्या ओलाव्याने हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, ती हूडमध्येच उघडा. जुन्या पेपरात धातूचं परक्लोरेट दिसलं तर त्याऐवजी दुसरा क्षार शोधा, कारण सेंद्रिय पदार्थासोबत ते तापवणं म्हणजे स्फोटाला निमंत्रण.

६. आपण जे केलं तेच आहे का, ते तपासा

सीआयएफवरून मर्क्युरीत पावडर एक्सआरडीचा सैद्धांतिक आलेख काढा आणि आपला त्यावर ठेवा. तांब्याच्या किरणांनी झिफ-८ ची पहिली रेघ ७.३ अंशांच्या कोनाला (२-थीटा), यूआयओ-६६ च्या पहिल्या दोन ७.४ आणि ८.५ ला. मोजणी ५ अंशांच्या खालून सुरू करायला सांगा. ऑक्साइडांची सवय असलेले ऑपरेटर १० पासून सुरू करतात आणि तुमच्या मुख्य रेघाच गायब होतात.

टीजीए नुसता ‘किती तापमानाला मोडतं’ यासाठी करू नका. यूआयओ-६६ हवेत जाळल्यावर उरतं ते झिर्कोनियम ऑक्साइड. त्या अवशेषाला १०० धरा. मोडण्याआधीचा सपाट भाग आदर्श रचनेत २२०.२ वर यायला हवा. २०० च्या आसपास आला तर दर गाठीमागे सरासरी एक लिंकर गायब आहे. एवढी माहिती एका साध्या आलेखातून मिळते आणि कित्येक प्रबंधांत ती वापरलेलीच नसते.

७. अ‍ॅक्टिव्हेशन

छिद्रांतला द्रावक काढून ती रिकामी करायच्या या पायरीला सगळ्यात जास्त वेळ ठेवा. नुकतं झालेलं मॉफ द्रावकाने गच्च भरलेलं असतं. ती जागा रिकामी झाली नाही तर वायू जाणार कुठे? बहुतेक ‘पृष्ठफळ कमी आलं’च्या तक्रारींचं मूळ इथेच असतं, संश्लेषणात नाही.

डीएमएफचा उत्कलनबिंदू १५३ अंश. थेट तापवून ते काढायला गेलात तर मऊ चौकटी द्रावकाच्या पृष्ठताणानेच आत कोसळतात. म्हणून आधी अदलाबदल: पदार्थ मिथेनॉलमध्ये किंवा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, दिवसातून दोनदा वरचा द्रव काढून ताजा घाला, तीन दिवस. आतलं डीएमएफ सावकाश बाहेर पडतं, घाई करून चालत नाही. मग व्हॅक्यूमखाली तापमान हळूहळू चढवा. झिफ-८ आणि यूआयओ-६६ ला १२० ते १५० अंश चालतात. फार नाजूक, मोठ्या छिद्रांच्या चौकटींना अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडने वाळवतात. ३१ अंश आणि ७४ बारच्या पुढे द्रव-वायूची सीमाच राहत नाही, त्यामुळे पृष्ठताणही नाही.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? एचकेयूएसटी-१ डोळ्यांनीच सांगतं. ओलं असताना ते आकाशी निळं असतं. तांब्यावरचं पाणी निघालं की गडद, जांभळट निळं होतं. व्हॅक्यूम सोडून हवेत ठेवलं की बघता बघता परत फिकट पडतं. बाकीच्यांसाठी आयआर (अवरक्त वर्णपट) बघा: डीएमएफची १६६० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची रेघ गेली पाहिजे. किंवा थोडा नमुना ड्यूटेरियमयुक्त आम्लात विरघळवून एनएमआर (चुंबकीय अनुस्पंदनाचा वर्णपट) घ्या. अ‍ॅक्टिव्हेशननंतर पावडर एक्सआरडी पुन्हा घ्यायचाच. चौकट उभी आहे याचा तोच पुरावा.

बाहेरच्या संस्थेत नमुना पाठवताना अर्जात ‘डीगॅस तापमान’ असा एक रकाना असतो, म्हणजे मोजणीआधी नमुना व्हॅक्यूमखाली कितीवर तापवून मोकळा करायचा ते. तो कोरा ठेवू नका. कोरा दिसला की यंत्रावर आधीपासून ठरलेलं तापमान लावलं जातं, आणि ते कार्बन किंवा सिलिकाला सोसणारं असतं. तुमचं मॉफ त्यात गेलं तर अहवालात ‘पृष्ठफळ १२’ असं येईल, आणि तुम्ही महिनाभर संश्लेषणात चूक शोधत बसाल. तापमान, तास आणि ‘डीगॅसनंतर पुन्हा वजन करावे’ हे तिन्ही लिहा.

८. आयसोथर्म घ्या आणि बीईटी जपून काढा

आयसोथर्म म्हणजे ठरलेल्या तापमानाला दाब वाढवत नेऊन पदार्थ किती वायू घेतो त्याचा आलेख, आणि बीईटी म्हणजे त्यावरून पृष्ठफळ काढायची पद्धत. ७७ केल्विनला नायट्रोजन हा नेहमीचा मार्ग. नमुना ५० ते १०० मिलिग्रॅम तरी हवा. ५० मिलिग्रॅमात १ मिलिग्रॅमची चूक म्हणजे थेट दोन टक्के.

यंत्राचं सॉफ्टवेअर सापेक्ष दाब ०.०५ ते ०.३० या पट्ट्यात बीईटी काढतं. मॉफसारख्या सूक्ष्म छिद्रांना तो पट्टा लागू नाही, कारण तोवर छिद्रं भरून गेलेली असतात. रुकेरॉलचे निकष (बीईटीचा योग्य पट्टा निवडायचे नियम) वापरून खालचा पट्टा निवडा आणि बीईटी समीकरणातला सी हा स्थिरांक धन आहे ना ते पाहा. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तेच अठरा आयसोथर्म ६१ प्रयोगशाळांना दिले होते आणि एकाच आलेखावरून निघालेल्या पृष्ठफळांत प्रचंड तफावत आली. म्हणून आकड्याबरोबर पट्टाही लिहा.

नायट्रोजन शिरलाच नाही तर पदार्थ फेकू नका. अतिअरुंद छिद्रात ७७ केल्विनला नायट्रोजन गोठल्यासारखा अडकतो. बर्फाच्या पाण्यात, २७३ केल्विनला कार्बन डायऑक्साइड लावून बघा. वायू वेगळे करणारी कित्येक चांगली मॉफ नायट्रोजनला ‘छिद्र नाही’ असंच सांगतात.

मग तुमच्या कामाचे आयसोथर्म: २७३, २८८ आणि २९८ केल्विनला, दोन्ही वायूंचे. तिन्हींवरून अधिशोषणाची उष्णता निघते. एककं बदलताना घनसेंटिमीटर प्रति ग्रॅमला २२.४ ने भागलं की मिलिमोल प्रति ग्रॅम.

९. निवडक्षमता, आणि खरी परीक्षा

निवडक्षमता म्हणजे मिश्रणातून हवा तो वायू दुसऱ्यापेक्षा किती पटीने जास्त धरला जातो. दोन वायूंच्या वेगवेगळ्या आयसोथर्मवरून मिश्रणाचा अंदाज बांधायला आयएएसटी (आदर्श अधिशोषित द्रावण सिद्धांत) वापरतात. मायर्स आणि प्राउसनिट्झ यांनी १९६५ मध्ये मांडलेली पद्धत. धुरासाठी १५:८५ हे प्रमाण घ्या. नायट्रोजन अगदी कमी शिरत असेल तर त्याच्या आलेखातली बारीकशी चूकही निवडक्षमता हजारांत नेऊन ठेवते. असा आकडा आला की आधी नायट्रोजनचा आयसोथर्म पुन्हा घ्या. चौकट लवचीक असेल किंवा एक वायू आत जातच नसेल तर आयएएसटी लावूच नका.

त्यापुढची पायरी ब्रेकथ्रूची. बारीक स्टीलच्या नळीत पदार्थ भरायचा, मिश्रण सोडायचं, दुसऱ्या टोकाला कोणता वायू केव्हा बाहेर पडतो ते मोजायचं. पावडर तशीच भरली तर नळी तुंबते, म्हणून दाबून गोळी करा, फोडा आणि चाळणीने एकसारखे दाणे घ्या. दाबल्यावर पृष्ठफळ किती घटलं ते वेगळं मोजा, कारण काही चौकटी दाबाखाली बसतात.

पहिली फेरी कोरड्या मिश्रणाची असू द्या. दुसरी वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडवून. ओल्या फेरीनंतर तोच नमुना मोकळा करून परत कोरडी फेरी घ्या आणि तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा. गाईडना भेटायला जाताना तोच कागद न्या, बाकीची स्लाइड नंतर.